पुठ्ठ्याची खोकी आणि डॉलरची रांग: इथियोपियातील एका गुंतवणुकीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण इचलकरंजी-कोल्हापूर पट्ट्यातील एका मध्यम आकाराच्या कुटुंबाच्या कंपनीचे आहे. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या या कंपनीने २०१७ साली इथियोपियात कारखाना काढला आणि तो आजही चालू आहे. ओळख पटू नये म्हणून नावे गाळली आहेत आणि कंपनीचे काही तपशील बदलले आहेत. इथियोपियाचे कायदे, तारखा आणि चलनाचे दर मात्र जसे आहेत तसेच दिले आहेत.

आफ्रिकेत गुंतवणूक करायची म्हटले की आपल्याकडचे उद्योजक जमीन, मजुरी, करसवलत आणि सुरक्षितता यांची चौकशी करतात. या कंपनीनेही तीच केली, आणि मिळालेली उत्तरे बहुतांशी खरी निघाली. कारखाना अडचणीत आला तो न विचारलेल्या एका प्रश्नामुळे: कमाई कोणत्या चलनात होणार, खर्च कोणत्या चलनात होणार आणि या दोहोंमधली दरी कोण भरून काढणार?

पार्श्वभूमी

कुटुंबातील आधीची पिढी यंत्रमाग चालवत होती. पुढच्या पिढीतल्या दोघा भावांनी माग विकले आणि खोक्यांचा धंदा धरला. कापड, गूळ आणि फौंड्रीचा माल बांधणारी गिऱ्हाइके जवळपासच होती. इथियोपियाची राजधानी अडीस अबाबा इथल्या एका व्यापाऱ्यामार्फत २०१४ च्या सुमारास ते इथियोपियात तयार खोकी पाठवू लागले. तिथल्या गुलाबाच्या शेतांना विमानाने युरोपला माल पाठवण्यासाठी मजबूत खोकी लागत. फुलांच्या निर्यातीत आफ्रिकेत केनियानंतर इथियोपियाचाच क्रमांक लागतो. राजधानीच्या भोवती होलेटा, सेबेटा, बिशोफ्तू या भागांत आणि दक्षिणेला झिवाय सरोवराच्या काठी पॉलिहाऊसच्या रांगा आहेत.

तयार खोके घडी घालून पाठवले तरी त्याच्या नागमोडी थरात हवा असते, म्हणून कंटेनर वजनाने अर्धाही भरत नाही आणि भाडे मात्र पुरे पडते. न्हावा शेवाहून जिबूती, तिथून ट्रकने मोजोच्या कोरड्या बंदरापर्यंत, म्हणजे देशाच्या आतल्या कंटेनर-तळापर्यंत, असा त्या मालाचा प्रवास. १९९३ मध्ये इरिट्रिया वेगळा झाल्यापासून इथियोपियाला स्वतःचा समुद्रकिनारा नाही आणि त्याच्या परदेश व्यापारापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक माल जिबूतीमार्गे जातो-येतो. त्याच कंटेनरमधून कागदाची रिळे नेली तर कितीतरी जास्त माल मावतो. तेव्हा रिळे न्यायची आणि खोकी तिथेच बनवायची, हा हिशेब धाकट्या भावाने मांडला. हिशेब चोख होता.

काळही अनुकूल वाटत होता. दशकभर सरकारी आकडेवारीत दहा टक्क्यांच्या आसपास वाढ दिसत होती. हवासाचे औद्योगिक संकुल जुलै २०१६ मध्ये उघडले आणि अमेरिकी-युरोपीय ब्रँडसाठी कपडे शिवणारे कारखाने तिथे येऊ लागले. अडीस-जिबूती विद्युत रेल्वेचे उद्घाटन त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झाले. पूर्ण परकीय मालकीच्या कंपनीला किमान २ लाख डॉलर भांडवल पुरत होते आणि स्थानिक भागीदार घेतला तर दीड लाख. यंत्रे आयात शुल्काविना आणता येत होती, प्राप्तिकरात काही वर्षांची सूट होती आणि नफा परदेशी नेण्याचा हक्क कायद्यात लिहिलेला होता.

दुसरी बाजूही समोर होती. २ ऑक्टोबर २०१६ रोजी बिशोफ्तूला ओरोमो समाजाच्या इरेचा उत्सवात चेंगराचेंगरी होऊन अनेक माणसे मेली. ओरोमिया प्रांत पेटला, परकीय मालकीच्या काही शेतांना आणि कारखान्यांना आगी लावल्या गेल्या, आणि आठवड्याभरात देशभर आणीबाणी जाहीर झाली. थोरल्या भावाला याचीच धास्ती होती. वर्षभर घरात वाद चालला तो सुरक्षिततेवरच. डॉलर मिळतील की नाही याची चर्चा जवळजवळ झालीच नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे आहे तसेच चालू ठेवणे: इथूनच खोकी पाठवायची आणि जोखीम व्यापाऱ्यावर ठेवायची. दुसरा, त्या व्यापाऱ्याला भागीदार करून संयुक्त कंपनी काढणे. त्याची ओळखपाळख दांडगी होती, पण त्याचे भांडवल स्थानिक चलनात, म्हणजे बिरमध्ये येणार होते आणि त्याला निम्मी मालकी हवी होती. तिसरा, स्वतःची पूर्ण मालकीची उपकंपनी.

तिसरा पर्याय निवडला गेला. अडीसच्या आग्नेयेला, जिबूतीकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत एक तयार शेड भाड्याने घेतली. इथियोपियात जमीन सरकारच्या मालकीची असते आणि मिळतो तो फक्त भाडेपट्टा. शेतकऱ्यांची जमीन काढून ती कारखान्यांना देणे हाच तर ओरोमियातल्या असंतोषाचा गाभा होता. नव्या पट्ट्याच्या मागे न लागता आधीच उभी असलेली शेड घ्यायची, हा थोरल्या भावाचा हट्ट होता. माझ्या मते या प्रकरणातला तो सर्वात शहाणपणाचा निर्णय. पुढे २०२० मध्ये जेव्हा त्या भागात पुन्हा जाळपोळ झाली, तेव्हा या कारखान्याच्या फाटकाशी भांडायला येणारा आपल्या जमिनीचा वारस म्हणून कुणी नव्हता.

गिऱ्हाईक निवडतानाही विचार झाला. हवासातल्या कपड्यांच्या कारखान्यांच्या ऑर्डरी मोठ्या होत्या, पण ते अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास होते आणि तो सगळा धंदा अमेरिकेने दिलेल्या शुल्कमुक्त प्रवेशावर उभा होता. फुलांचा माल युरोपात जायचा, शेते जवळ होती आणि त्यांची खोकी महाग असायची. फुलांवर भर द्यायचा असे ठरले.

यंत्रे भारतातून भांडवल म्हणूनच गेली. त्यांची किंमत परकीय भांडवल म्हणून तिथल्या गुंतवणूक आयोगाकडे नोंदवून वेळेत प्रमाणपत्र घेतले. पुष्कळ कंपन्या ही नोंद टाळतात किंवा लांबवतात. ती नसेल तर पुढे नफा किंवा विक्रीची रक्कम बाहेर नेण्याचा हक्क सिद्ध करता येत नाही. कायद्याने हक्क दिला आहे एवढ्यावर तिथले बँक अधिकारी अर्ज पुढे सरकवत नाहीत, त्यांना कागद लागतो.

अडचण

यंत्रे बसत असतानाच, ११ ऑक्टोबर २०१७ रोजी, इथियोपियाच्या राष्ट्रीय बँकेने बिरचे १५ टक्क्यांनी अवमूल्यन केले. एका डॉलरला साडेतेवीसच्या आसपास मिळणारे बिर सत्तावीसच्या घरात गेले. कंपनीने कच्च्या मालाचा भाव वाढवून धरला आणि पुढे चालली. पण अवमूल्यनाहून गंभीर गोष्ट वेगळी होती: जाहीर दराने डॉलर मिळतच नव्हते.

पद्धत अशी होती. आयात करायची तर बँकेत अर्ज टाकायचा, बिर जमा करायचे आणि रांगेत थांबायचे. इंधन, खते आणि औषधे पुढे. मग इतर अग्रक्रम. देशांतर्गत बाजारात विकणारा कारखाना त्यामागे. लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे पुरवठादाराला पैसे मिळतील अशी बँकेची हमी, उघडायला महिनोनमहिने लागत, आणि तोवर जमा केलेले बिर तसेच पडून. २०१८ मध्ये देशाची परकीय गंगाजळी जेमतेम महिना-दोन महिन्यांच्या आयातीला पुरेल अशी होती. सरकारने धरणे, रेल्वे, औद्योगिक संकुले यांवर कर्ज काढून खर्च केला होता आणि निर्यात त्या वेगाने वाढली नव्हती. संकुल बांधून झाले होते, पण त्यातले यंत्र चालू ठेवणारा सुटा भाग आणायला डॉलर नव्हते.

खोक्यांच्या धंद्यात खर्चाचा निम्म्याहून बराच मोठा भाग कागदाचा असतो. फुलांच्या खोक्याला बाहेरचे आवरण चांगल्या क्राफ्ट कागदाचे लागते. शीतगृहातला ओलावा आणि विमानतळावरची थप्पी या दोन्हींना टिकेल एवढे बर्स्टिंग फॅक्टर, म्हणजे दाबाखाली न फाटण्याची ताकद, रद्दीपासून केलेल्या कागदात मिळत नाही. तो क्राफ्ट इथियोपियात बनत नव्हता. म्हणजे मुख्य खर्च डॉलरमध्ये, आणि गिऱ्हाईक स्वतः डॉलर कमावणारे असले तरी देशातल्या देशात बिल मिळायचे बिरमध्ये.

स्वस्त मजुरीचा गाजावाजा इथे फारसा उपयोगाचा नव्हता. खाजगी क्षेत्राला कायद्याने ठरवलेले किमान वेतनच नाही. हवासात मूळ पगार महिन्याला सुमारे २६ डॉलर असल्याचे २०१९ च्या एका अभ्यासात नोंदले आहे. इतक्या पगारात खोली भाड्याने घेऊन जगणे कठीण असते आणि म्हणून माणसे टिकत नाहीत. या कारखान्याने सुरुवातीपासून जास्त पगार आणि दुपारचे जेवण दिले. कागदाला नागमोडी करणाऱ्या कोरुगेशन यंत्रावर नवा माणूस आला की वाया जाणारा कागद पगारातल्या बचतीपेक्षा महाग पडतो, हे त्यांना इचलकरंजीतच समजले होते. विजेचेही तसेच. दर अतिशय कमी होते, पण वीज गेली की तापलेल्या रोलरवरचा कागद जागीच करपतो किंवा वाकतो. जनरेटर आणि डिझेल धरले तर वीजही स्वस्त राहिली नाही.

२०१८ च्या मध्याला कारखान्यात तीन आठवडे पुरेल एवढाच क्राफ्ट उरला. व्हॅलेंटाइन डे आणि मदर्स डे हे फुलांचे दोन मोठे हंगाम; पुढच्या हंगामाच्या ऑर्डरी ऑक्टोबरपासून सुरू होणार होत्या.

पहिला निर्णय: मूळ कंपनीची उधारी

धाकट्याने तातडीचा मार्ग काढला. कोल्हापूरची मूळ कंपनी कागद विकत घेऊन उपकंपनीला उधारीवर पाठवेल, आणि तिकडे डॉलर मिळतील तसे पैसे येतील. इथियोपियात पुरवठादाराच्या उधारीवर माल आणायला तेव्हा राष्ट्रीय बँकेची मंजुरी लागत होती. ती मिळाली आणि कारखाना धडाडून चालला. कागदोपत्री नफा झाला.

थोरल्या भावाने त्या वेळी विचारले होते, "अरे, आपलाच माल आपल्याच कंपनीला विकतोय, पण पैसे येणार कुठून ते आधी सांग." धाकट्याचे उत्तर होते, "दादा, उशीर होईल, पण बुडायचे नाहीत." दोघेही आपापल्या परीने बरोबर होते. फरक असा की भारतीय कायद्यात या उशिरालाही मुदत असते.

निर्यातीचे पैसे नऊ महिन्यांत भारतात आले पाहिजेत, असा रिझर्व्ह बँकेचा तेव्हाचा नियम. गिऱ्हाईक आपलीच उपकंपनी आहे म्हणून त्यात सूट नाही. २०१९ च्या सुरुवातीला कोल्हापुरातल्या त्यांच्या बँकेने थकलेल्या शिपिंग बिलांची यादी पुढे ठेवली. मुदतवाढ मागता येते, पण थकबाकी वाढत गेली तर मूळ कंपनीच्या निर्यातीवर आणि कॅश क्रेडिटवरही सावट येते. एका देशातली डॉलरची टंचाई अशा रीतीने तारण ठेवलेल्या कोल्हापूरच्या शेडपर्यंत पोचली.

मला हा टप्पा सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे जोखीम कुठे आहे हेच दिसेनासे झाले होते. गुंतवणूक म्हणून ठरवलेली रक्कम मर्यादित होती. ती बुडाली असती तर कुटुंब सावरले असते. उधारीच्या वाटेने मात्र मर्यादा नसलेली दुसरी गुंतवणूक चालू झाली. तिचा ठराव कुणी केला नव्हता आणि ताळेबंदात ती ‘येणे’ म्हणून शोभून दिसत होती.

दुसरा निर्णय: येणे भांडवलात बदलणे

बँकेच्या पत्रानंतर तीन वाटा होत्या. कारखाना बंद करून यंत्रे विकायची. पण विक्रीचे पैसेही बिरमध्येच येणार आणि तेही त्याच रांगेत उभे राहणार. दुसरी वाट समांतर बाजाराची, म्हणजे डॉलरच्या काळ्या बाजाराची. अडीसमध्ये ती उघड गुपित होती, पण बेकायदा, आणि एकदा त्या वाटेने पैसे फिरले की नोंदवलेल्या भांडवलाच्या सगळ्या कागदांवर पाणी. ही सूचना एका हितचिंतकाने केली आणि दोघा भावांनी त्याच बैठकीत नाकारली.

तिसरी वाट त्यांच्या चार्टर्ड अकाउंटंटने दाखवली. नऊ महिन्यांची मुदत संपायच्या आत असलेले येणे तेव्हाच्या नियमांत परदेशातील उपकंपनीच्या समभागांत बदलता येत होते. मुदत उलटली की त्यासाठी रिझर्व्ह बँकेची आगाऊ परवानगी लागत होती. त्यांनी मुदतीतली बिले भांडवलात बदलली, मुदत उलटलेल्यांसाठी परवानगी मागितली आणि इथियोपियात ती रक्कम वाढीव भांडवल म्हणून नोंदवून घेतली. निर्यातीचा एक भाग निर्यातीच्या पैशांचा विमा उतरवणाऱ्या मुंबईच्या ईसीजीसी या सरकारी कंपनीकडे विमा उतरवलेला होता, पण आपल्याच उपकंपनीला दिलेल्या उधारीवर विम्याचे संरक्षण सरळ लागू होत नाही, हे त्यांना उशिरा कळले.

यामुळे पैसे परत आले नाहीत. पण गुंतवणूक किती झाली ते पहिल्यांदाच एका आकड्यात दिसले, आणि आता उधारीवर एकही रीळ पाठवायचे नाही असे लेखी ठरले.

तिसरा निर्णय: मजुरीवर काम

मग कागद आणायचा कसा? उत्तर इचलकरंजीच्या जुन्या धंद्यातून आले. तिथे ‘खर्चीवाले’ यंत्रमागधारक असतात. सूत व्यापाऱ्याचे, माग आपला. मीटरमागे मजुरी घ्यायची आणि कापड व्यापाऱ्याच्या हवाली करायचे. सुताच्या भावाची जोखीम मागवाल्यावर येत नाही, नफाही मोठा नसतो. या कुटुंबाने पडत्या काळात वर्षानुवर्षे तसे काम केले होते आणि त्यातून बाहेर पडणे हीच प्रगती असे घरात मानले जायचे.

थोरल्या भावाने तीच पद्धत फुलांच्या शेतांपुढे मांडली. निर्यातदाराला आपल्या डॉलर कमाईचा काही हिस्सा स्वतःच्या खात्यात राखून ठेवता येत होता आणि त्यातून कच्चा माल आयात करता येत होता. निर्यातीसाठी लागणाऱ्या मालाला शुल्कातही सवलत होती. शेताने आपल्या डॉलरने क्राफ्ट आणायचा, कारखान्याने तो घेऊन खोकी करून द्यायची आणि मजुरी बिरमध्ये घ्यायची. मजुरीत पगार, वीज, गोंदासाठी मक्याचा स्टार्च आणि नफा, म्हणजे बहुतेक सारा बिरमधलाच खर्च. चलनांमधली दरी कारखान्याच्या अंगावरून उतरली.

धाकट्याचा विरोध होता. उलाढाल कोसळणार, आणि कागदातला नफा हातचा जाणार. दोन्ही खरेच झाले. उलाढाल निम्म्याखाली आली. शेतकऱ्यांची मनधरणी करायलाही वेळ लागला. मोठ्या शेतांना कागदाच्या आयातीची नसती कटकट नको होती. तेव्हा कारखान्याने आयातीची कागदपत्रे, जिबूतीतली सोडवणूक आणि मोजोपर्यंतची वाहतूक आपल्या अंगावर घेतली, फक्त बिल शेताच्या नावावर. लहान शेतांसाठी चार-पाच जणांची मागणी एकत्र करून एकच कंटेनर आणायचा.

करारात दोन कलमे घातली. वाया जाणाऱ्या कागदाचे प्रमाण आधी ठरलेले, त्याहून जास्त वाया गेला तर भरपाई कारखान्याची. आणि मजुरीचा बिरमधला दर डॉलरच्या अधिकृत दराप्रमाणे दर तिमाहीला बदलणार. दुसऱ्या कलमावर गिऱ्हाइकांनी त्या वेळी फार लक्ष दिले नाही.

शिवाय, खोक्याच्या आतला नागमोडी थर स्थानिक गिरण्यांच्या रद्दीपासून केलेल्या कागदाचा करायचा प्रयोग झाला. बाहेर आयात क्राफ्ट, आत स्थानिक कागद. ओलाव्याच्या चाचणीत सुरुवातीचे नमुने बसले नाहीत. गोंदाचे प्रमाण आणि थराची उंची बदलत गेल्यावर बसले. दर खोक्यामागे लागणारे डॉलर कमी झाले, हे शेतांना सगळ्यात जास्त आवडले.

संकटांची तीन वर्षे

मार्च २०२० मध्ये कोविडने युरोपातला फुलांचा बाजार काही आठवडे बंदच पडला. २९ जूनला ओरोमो गायक हचालू हुंडेसा यांची हत्या झाली, ओरोमियात दंगली उसळल्या आणि इंटरनेट सुमारे तीन आठवडे बंद होते. कारखान्याचे कामगार जवळपासच्या गावांतले होते. त्यांनी पाळी लावून फाटकावर थांबायचे आपणहून ठरवले. आगीच्या साध्या विम्यात राजकीय हिंसाचार येत नाही. त्याचे वेगळे कवच घेतलेले होते, वापरायची वेळ आली नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये देशाच्या उत्तरेकडील टिग्रे प्रांतात युद्ध सुरू झाले. वर्षभराने आघाडी दक्षिणेकडे सरकली, २ नोव्हेंबर २०२१ रोजी देशभर आणीबाणी लागली आणि अनेक देशांनी आपल्या नागरिकांना निघून जायला सांगितले. घरातून दोन्ही भारतीय तंत्रज्ञांना परत बोलावले गेले. कारखाना तिथल्याच फोरमनने आणि लेखापाल बाईंनी चालवला, आणि नीट चालवला. मला वाटते, ही वेळ येण्याआधीच त्यांच्या हाती सह्यांचे अधिकार द्यायला हवे होते. बँकेचे एक महत्त्वाचे पत्र केवळ सहीसाठी कित्येक दिवस अडकून राहिले.

१ जानेवारी २०२२ पासून अमेरिकेने इथियोपियाचा शुल्कमुक्त प्रवेश काढून घेतला. हवासातल्या कपड्यांच्या ऑर्डरी घटल्या आणि काही मोठे ब्रँड निघून गेले. कपड्यांवर विसंबलेल्या खोकेवाल्यांचे हाल झाले. फुले मात्र विमानाने जातच राहिली. त्याच काळात निर्यातदारांच्या डॉलर कमाईतला मोठा वाटा सक्तीने सरकारी बँकेकडे वळवला गेला आणि शेतांच्या हातात उरणारे डॉलर आटले. कागदाचे कंटेनर अडले, पण त्या टंचाईत शेतांनी खते-औषधांच्या बरोबरीने खोक्यांना जागा दिली, कारण खोक्याशिवाय फूल विमानात चढत नाही. रांग तीच होती. मजुरीच्या करारामुळे कारखाना डॉलर कमावणाऱ्याच्या हाताला धरून उभा होता एवढाच फरक, आणि तो पुरला.

साठलेले बिर

मजुरीचा नफा बिरमध्ये साठत गेला. लाभांश बाहेर नेण्याचा अर्ज २०२२ मध्ये केला आणि तो इतरांच्या अर्जांसारखा थांबून राहिला. महागाई वर्षाला तीस टक्क्यांच्या वर होती, ठेवीवर सातच्या आसपास व्याज. समांतर बाजारात डॉलरचा भाव सरकारी दराच्या जवळपास दुप्पट झाला होता.

पैशाचे करायचे काय? तीळ किंवा कडधान्ये घेऊन तोट्यात निर्यात करायची आणि त्यातून डॉलर मिळवायचे, असे कित्येक आयातदार करत होते. या कंपनीने ते नाकारले. अनोळखी धंदा, आणि परकीयांना त्या काळी अशा व्यापारावर मर्यादा होत्या. काही रक्कम शेड वाढवण्यात गेली, काही रद्दी कागदाच्या वर्षभराच्या साठ्यात आणि काही कामगारांच्या पगारवाढीत. पण बरीच रक्कम ‘मंजुरी आज-उद्या येईल’ या आशेवर बँकेत राहिली.

डिसेंबर २०२३ मध्ये इथियोपियाने युरोबाँडचा, म्हणजे परदेशात डॉलरमध्ये विकलेल्या कर्जरोख्यांचा, ३.३ कोटी डॉलरचा व्याजाचा हप्ता चुकवला. पुढे काय होणार याची ती स्पष्ट सूचना होती. तरीही रक्कम हलली नाही. २९ जुलै २०२४ रोजी बिरचा दर बाजारावर सोडण्यात आला आणि त्याच दिवशी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ३४० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. डॉलरला ५७ च्या आसपास असलेला बिर काही आठवड्यांत शंभरापलीकडे गेला. बँकेत पडलेल्या रकमेचे डॉलरमधले मोल जवळजवळ निम्मे झाले.

निष्पत्ती

डॉलर मिळू लागले. थांबलेला लाभांश टप्प्याटप्प्याने मंजूर झाला, नव्या दराने. निर्यातदारांवरची सक्तीची वळवणूक उठली आणि कमाईचा निम्मा भाग त्यांना राखता येऊ लागला. शेतांकडे कागदासाठी पैसा आला आणि २०२४-२५ च्या हंगामात कारखाना पुऱ्या क्षमतेने चालला.

दर तिमाहीच्या कलमाप्रमाणे मजुरी एकदम दुप्पट व्हायला हवी होती. गिऱ्हाइकांनी साफ नकार दिला. कारखान्याचे पगार रातोरात दुप्पट झालेले नाहीत, हे त्यांचे म्हणणे रास्त होते. चर्चेअंती वाढ दोन वर्षांत विभागली गेली, त्याबदल्यात शेतांनी तीन वर्षांचे किमान काम लिहून दिले. मला ही तडजोड मूळ कलमापेक्षा मोलाची वाटते. कलम जसेच्या तसे वसूल केले असते तर पुढच्या हंगामात निम्मी शेते दुसरीकडे गेली असती.

रुपयांत पाहिले तर या गुंतवणुकीवर आठ वर्षांत मुदत ठेवीइतकाही परतावा मिळालेला नाही. भांडवल बुडालेले नाही, कारखान्यावर कर्ज नाही आणि गिऱ्हाईक बांधलेले आहे. हे यश आहे की अपयश, यावर दोघा भावांचे अजून एकमत नाही.

वेगळे काय करता आले असते

मजुरीचे काम दोन वर्षांनी नव्हे, पहिल्या दिवसापासून करता आले असते. त्यासाठी लागणारे ज्ञान घरातच होते, फक्त त्याला कमीपणा चिकटलेला होता. कागदाच्या व्यापारातला नफा हवाच असेल तर तो डॉलरच्या टंचाईची किंमत धरून मोजायला हवा होता. तसा मोजला असता तर तो तोटा निघाला असता.

खेळते भांडवल उधारीने देण्याऐवजी सुरुवातीलाच नोंदणीकृत कर्ज किंवा वाढीव भांडवल म्हणून ठरवायला हवे होते, वरच्या मर्यादेसह. परदेशी गुंतवणुकीचा विमा, ज्यात नफा बाहेर नेण्यावरची बंधनेही येतात, तो ईसीजीसीकडे मिळतो. मालाचा विमा आणि गुंतवणुकीचा विमा यांत त्यांनी गल्लत केली. वाद झालाच तर काय, याचाही विचार झाला नव्हता. इथियोपियाने गुंतवणूक तंट्यांसाठीच्या वॉशिंग्टनच्या केंद्राच्या करारावर १९६५ मध्ये सही केली, पण त्याला मान्यता दिलेली नाही. लवादाचे परदेशी निवाडे मानण्याचा न्यूयॉर्क करार मात्र २०२० मध्ये स्वीकारला. गिऱ्हाइकांशी केलेल्या करारांत लवादाचे कलम घालण्याला तेव्हापासून अर्थ आला आणि नव्या करारांत ते आहे.

साठलेल्या बिरबाबत मी जास्त कठोर आहे. चलनाचा अधिकृत भाव आणि बाजारभाव यांत दुपटीचा फरक वर्षभर टिकतो तेव्हा अवमूल्यन येणारच. दिवस माहीत नसतो इतकेच. युरोबाँडचा हप्ता चुकल्यावर तरी ती रक्कम कागदाच्या साठ्यात, सुट्या भागांत किंवा शेतांना आगाऊ देऊन हंगामाच्या बांधिलकीत गुंतवता आली असती.

आता समोर असलेला प्रश्न

डिसेंबर २०२४ मध्ये इथियोपियाच्या संसदेने परकीय बँकांना दार उघडणारा कायदा मंजूर केला. त्याआधी आयात आणि घाऊक व्यापारही परकीयांना खुला झाला. म्हणजे उद्या कुणीही तयार खोकी आणून विकू शकेल, आणि या कंपनीलाही कागद आणून स्वतः विकता येईल. धाकट्याला पुन्हा कागदाचा धंदा करायचा आहे. डॉलर मिळतात, मग मजुरीत का अडकायचे, असे त्याचे म्हणणे. थोरल्याने अट घातली आहे: दोन हंगाम सलग, लेटर ऑफ क्रेडिट तीस दिवसांच्या आत उघडले गेले तर एक चतुर्थांश काम कागदासकट घ्यायचे, बाकी मजुरीवरच. पहिल्या हंगामाच्या नोंदी ठेवणे सुरू आहे, आणि त्या लेखापाल बाईच ठेवत आहेत. त्यांच्याकडे आता सहीचा अधिकारही आहे.